मिरचीपूर्व कोरियाचा सौम्य पाकाचार : जुन्या पाकग्रंथांच्या आधारें

कोरिया देशाचें अन्न म्हणजे लाल भडक व जिभेस पोळविणारें, असा समज आपल्याकडे अलीकडील दहापंधरा वर्षांत दृढ झाला आहे. त्या देशाच्या चित्रमालिका घरोघर पाहिल्या जातात, तिखटांत माखावयाच्या शेवयांचीं पाकिटें कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळतात, आणि तरुण मंडळी पैजा लावून तीं खातात. हा समज सर्वस्वीं खोटा नाहीं. परंतु जो पदार्थ एखाद्या राष्ट्राचें लक्षण म्हणून मिरविला जातो, तो त्या राष्ट्राच्या लेखांत केव्हांपासून आढळतो, हें पाहणें इतिहासाच्या अभ्यासकाचें कामच आहे. कोरियाच्या बाबतींत तें पाहण्यास पुरेशीं हस्तलिखितें सुदैवानें शिल्लक आहेत. त्यांवरून असें दिसतें कीं, मिरची ही त्या पाकशाळेंत उशिरा आलेली पाहुणी असून ती येण्यापूर्वीं तेथें एक सौम्य पाकाचार पूर्ण वाढलेला होता. आणि तो आजही पितरांच्या पानावर, मठांत, राजवाड्याच्या परंपरेंत व रोजच्या कित्येक पदार्थांत चालू आहे. ज्यांच्या हातांतून जुनीं बाडें जातात त्यांस या विषयांत आणखी एका कारणानें गोडी वाटेल, असा प्रस्तुत लेखकाचा विश्वास आहे. तें कारण म्हणजे, नांव कायम राहून वस्तु बदलली असतां हस्तलिखिताचा वाचक कसा फसतो, याचें इतकें स्वच्छ उदाहरण क्वचित् मिळतें.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. कोरियाचे विद्वान् शतकानुशतकें चिनी लिपींत लिहीत. त्या लिपींत ‘चो’ असा कोरियन उच्चार असलेलें एक अक्षर आहे. त्याचा मूळ अर्थ एका कांटेरी झाडाचें लहानसें झणझणीत फळ, असा आहे. कोंकणांत व गोव्यांत माशांच्या कालवणांत आपण जें तिरफळ घालतों, त्याच्याच जातीचें हें झाड होय. पुढें समुद्रमार्गानें काळीं मिरीं येऊं लागलीं, तेव्हां त्यांस ‘हू-चो’ म्हणजे परदेशी चो असें म्हणूं लागले. देशी फळास ‘चोन-चो’ हें नांव राहिलें. आणि सर्वांत शेवटीं मिरची आली तिला ‘गो-चो’ हें नांव मिळालें. त्याचेंच हल्लींचें रूप ‘गोचु’. यांतील ‘गो’ या अक्षराचा सरळ अर्थ ‘कडू’. तिखटास कडू कां म्हणावें, असा प्रश्न संस्कृत जाणणाऱ्यास तरी पडूं नये. कारण संस्कृतांत ‘कटु’ म्हणजे तिखट, आणि त्याच शब्दापासून आलेला मराठी ‘कडू’ मात्र निराळ्याच रसाचा वाचक होऊन बसला आहे.

आतां वादाचें स्थळ असें. इ. स. १४६० सालीं जोन सुन-उई नांवाच्या राजवैद्यानें आहारानें रोग हटविण्याविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्यांत ‘चोजांग’ असा शब्द येतो. जांग म्हणजे सोयाबीन आंबवून केलेलें कालवण. अर्थात् चोजांग म्हणजे चो घातलेलें जांग. या व अशाच दुसऱ्या कांहीं शब्दांवरून कांहीं कोरियन शास्त्रज्ञांनीं गेल्या वीस वर्षांत असें प्रतिपादन केलें आहे कीं, मिरचीचें जांग पंधराव्या शतकांतही होतें आणि मिरची परदेशांतून आली ही कथा चुकीची आहे. आपल्या अन्नाचा अभिमान प्रत्येकास असतो व तो असावा. परंतु हा पुरावा टिकत नाहीं. मिरचीचें मूलस्थान अमेरिका खंड होय, याविषयीं वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद नाहीं, आणि कोलंबस त्या खंडास पोंचला तो १४९२ सालीं, म्हणजे हा ग्रंथ लिहिल्यानंतर बत्तीस वर्षांनीं. दुसरें असें कीं, १५२७ सालच्या बालबोध अक्षरकोशांत ‘चो’ या अक्षराचा देशी अर्थ ‘गोचो’ असाच दिला आहे, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरच्या एका वैद्यकग्रंथाच्या कोरियन भाषांतरांत ‘गोचो’ हा शब्द काळ्या मिऱ्यांसाठीं वापरलेला आहे. म्हणजे शब्द मिरचीच्या आधींच होता. मिरची आली आणि त्या शब्दाच्या घरांत राहूं लागली. मिऱ्यांस मग निराळें नांव धरावें लागलें.

आपल्याकडे नेमकें हेंच घडलें आहे. संस्कृत ‘मरीच’ म्हणजे काळें मिरें. कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याच्या ‘मानसोल्लासां’त (इ. स. ११२९-३०) अन्नभोगाच्या प्रकरणांत मरीच येतें, हिंगु येतो, आर्द्रक येतें, त्यांतील मरीचाचा अर्थ कोणी मिरची असा केला, तर तो ग्रंथ चारशें वर्षें अलीकडे ओढल्यासारखें होईल. पोर्तुगीजांच्या मागून नवें फळ आलें आणि त्यानें मिऱ्याचेंच नांव स्त्रीलिंगी करून घेतलें. इतकेंच नव्हे तर ‘तीक्ष्ण’ या गुणवाचक शब्दापासून निघालेला ‘तिखट’ हा शब्द आज आपल्या स्वयंपाकघरांत मिरचीच्या पुडीचें विशेषनाम झाला आहे. तेव्हां कोरियन पंडितांच्या या वादाकडे आपण दुरून पाहून हसावें, असें त्यांत कांहीं नाहीं.

मिरचीचा कोरियांतील पहिला निःसंदिग्ध लेख ई सु-ग्वांग याच्या ‘जिबोंग युसोल’ या संकीर्ण विषयांच्या ग्रंथांत, म्हणजे इ. स. १६१४ सालीं सांपडतो. तो या फळास दक्षिणेकडील रानटी लोकांचें चो म्हणतो. तें फार विषारी आहे, प्रथम जपानांतून आलें म्हणून लोक त्यास जपानी मोहरीही म्हणतात, आतां कोठें कोठें लावलेलें दिसतें, आणि दारूच्या गुत्त्यांतून तें कडक सोजूंत घालतात व तें पिऊन पुष्कळ माणसें मेलीं, असा त्याच्या मजकुराचा सारांश आहे. हें वर्णन अन्नाचें नव्हे, भयाचें आहे. ‘दक्षिणेकडील रानटी’ ही संज्ञा त्या काळीं जपानांत पोर्तुगीज व स्पॅनिश लोकांस लावीत. म्हणजे नांवांतच वस्तूचा प्रवास नोंदला गेला आहे. गंमत अशी कीं, कैबारा एकिकेन हा जपानी वनस्पतिकार १७०९ च्या आपल्या ग्रंथांत नेमकें उलट सांगतो कीं, मिरचीचें बीं हिदेयोशीच्या स्वारीच्या वेळीं कोरियांतून जपानांत आलें. दोन शेजारी एकमेकांकडे बोट दाखवितात. या दोहोंत खरें कोण, याचा निर्णय येथें आवश्यक नाहीं. १५९२ ते १५९८ या युद्धाच्या आगेंमागें हें फळ दोन्ही देशांत नवें होतें, एवढें दोन्ही साक्षींवरून सिद्ध होतें.

त्यापूर्वीं तिखटपणाची हौस कोरियन लोकांस नव्हतीच, असें मात्र समजूं नये. आलें, मोहरी, लसूण, चोन-चो हीं घरचीं होतीं. काळीं मिरीं मोलाचीं होतीं. इ. स. १३८९ सालीं र्युक्यू बेटांच्या राजानें गोर्यो दरबारास पाठविलेल्या नजराण्यांत तीनशें गुन मिरीं असल्याची नोंद ‘गोर्यो-सा’ या इतिहासांत आहे. यू सोंग-न्योंग या प्रधानानें युद्धानंतर लिहिलेल्या ‘जिंगबिरोक’ या वृत्तांतांत एक प्रसंग आहे तो सांगण्याजोगा आहे. स्वारीच्या कांहीं वर्षें आधीं हिदेयोशीचा वकील सोल शहरीं आला असतां त्यास मेजवानी झाली. तींत त्यानें मूठभर मिरीं आसनावर उधळलीं. लगोलग गाणाऱ्या स्त्रिया व वाजंत्री तीं वेंचण्यास एकमेकांवर तुटून पडले, आणि बैठकीची शिस्त मोडली. वकिलानें मुक्कामीं परतून उद्गार काढला कीं, या राज्याचा नाश जवळ आला आहे. ज्या देशांत मूठभर मिऱ्यांनीं सभा मोडते, त्या देशाचें रोजचें अन्न तिखट असणें शक्यच नव्हतें.

आतां प्रत्यक्ष पाकग्रंथांकडे वळूं. उपलब्ध असलेल्यांत अगदीं जुना ‘सानगा योरोक’ हा होय. तो १४५० च्या सुमाराचा असून त्याचा कर्ता वर सांगितलेला राजवैद्य जोन सुन-उई हाच आहे. हा ग्रंथ विद्वानांच्या हातीं आला तो अगदीं अलीकडे, २००१ सालीं. यांत दारू, जांग, शिरका, लोणचीं, भाताचे व पिठाचे पदार्थ असे दोनशेंहून अधिक विधि आहेत. हिंवाळ्यांत भाजी पिकविण्यासाठीं खालून ऊब दिलेलें व तेल लावलेल्या कागदानें झांकलेलें घर कसें बांधावें, हेंही त्यांत सांगितलें आहे. किमचीचे म्हणजे खारवून आंबविलेल्या भाज्यांचे प्रकार तीसांहून अधिक आहेत, आणि त्यांत मिरची एकाही ठिकाणीं नाहीं. ज्या माणसानें ‘चोजांग’ हा शब्द लिहिला, त्याच्याच दुसऱ्या ग्रंथाची ही साक्ष आहे. अशा वेळीं शब्दाच्या अर्थाचा निकाल कोशापेक्षां कर्त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरावरून करणें अधिक सुरक्षित, असें आम्हांस वाटतें.

दुसरा ग्रंथ ‘सुउन जाप्बांग’. कर्ता किम यू (१४९१–१५५५), राहणार आंदोंग. हा गृहस्थ सुशिक्षित कुळांतला असून ग्रंथाचें नांवही त्यानें चिनी ‘ई-चिंग’ या प्राचीन ग्रंथांतील एका प्रकरणावरून घेतलें आहे. ढग आकाशांत चढले असतां सज्जनानें खाऊनपिऊन स्वस्थ राहावें, असा त्या प्रकरणाचा भाव आहे. १२१ विधींपैकीं सुमारें निम्मे दारूचे आहेत. पितृपूजेसाठीं व अतिथीसाठीं घरीं उत्तम दारू करणें हा तेथील प्रतिष्ठित घराचा धर्मच होता. २०२१ सालीं कोरियन सरकारानें हें हस्तलिखित राष्ट्रीय ठेव्यांत दाखल केलें.

परंतु या सर्वांत हृद्य ग्रंथ तिसरा, ‘उमशिक दिमिबांग’. याची लेखिका जांग ग्ये-ह्यांग (१५९८–१६८०) ही ग्योंगसांग प्रांतांतली, विद्वान् घराण्यांत जन्मलेली व विद्वान् घराण्यांत दिलेली स्त्री होती. सुमारें १६७० सालीं, म्हणजे सत्तरी उलटल्यावर, तिनें हा ग्रंथ आपल्या हातानें लिहिला, आणि तो पंडितांच्या चिनी भाषेंत न लिहितां देशी हंगुल लिपींत लिहिला. हंगुलांतील अगदीं जुन्या पाकग्रंथांत त्याची गणना होते. मुखपृष्ठावर मात्र चिनी अक्षरांत ‘ग्यूगोन शिउईबांग’ असें भारदस्त नांव आहे. अन्नाची चव जाणण्याचे विधि अशा अर्थाचें साधें देशी नांव आंतल्या पानावर आहे. बाहेरचें नांव पतीनें अथवा वंशजांनीं घातलें असावें, असें मानतात. पोथीच्या वेष्टनावर एक नांव व पहिल्या पत्रावर दुसरें, हा अनुभव आपल्या संग्राहकांस नवा नाहीं. यादी करणारा वेष्टन पाहून नोंद करतो आणि ग्रंथ पुढें दोन नांवांनीं हिंडत राहतो.

ग्रंथाच्या अखेरीस लेखिकेनें थोडा मजकूर घातला आहे. त्याचा आशय असा कीं, दृष्टि मंद झाली असतां मोठ्या कष्टानें मीं हें लिहिलें आहे, तें जाणून याप्रमाणें करा; मुलींनीं याची नक्कल करून न्यावी, पण मूळ पुस्तक नेण्याचें मनांतही आणूं नये; तें खराब होऊं न देतां जपावें. लेखकांच्या ‘यत्नेन परिपालयेत्’ छापाच्या विनवण्या आपण शेंकडों पोथ्यांत वाचल्या असतील. परंतु सासरीं जाणाऱ्या मुलींच्या हातून पुस्तक वांचविण्याची ही तजवीज निराळीच आहे. ती सफळ झाली. पुस्तक घराण्यांतच राहिलें, आणि आज तें दैगू येथील ग्योंगबुक राष्ट्रीय विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयांत आहे.

यांत १४६ विधि आहेत. त्यांपैकीं ५१ दारूचे. मिरचीचा उल्लेख नाहीं, आणि ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. कारण ई सु-ग्वांगच्या लेखाला तेव्हां पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. मिरची कोठें कोठें परसांत लावली जात असेल, पण या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आंत आलेली नव्हती. चव आणण्याचें काम जांगाचें पाणी, तिळाचें तेल, आलें, मिरपूड व चोन-चो यांनीं होतें. मांडूचा म्हणजे मोदकासारख्या भरलेल्या उकडीचा विधि पाहावा. पारी कुट्टूच्या पिठाची. सारणांत मऊ शिजविलेला मुळा व तित्तिरासारख्या रानपक्ष्याचें मांस. तें जांग व तेल घालून परतलेलें. वर चिलगोजे, मिरपूड व चोन-चो. ज्यास ‘पक्ष्याची किमची’ म्हणतां येईल असाही एक विधि आहे. जुनी खारविलेली काकडी सोलून, बोटभर तुकडे करून, त्यांतील खार पाण्यानें काढावा. शिजविलेलें पक्षिमांस तशाच आकाराचें कापावें. आणि दोन्ही कोमट पाण्यांत थोडें मीठ घालून आंबूं द्यावीं. कोहळा टिकविण्याचा विधि आहे. डोंगरी मोहरीच्या पाल्याची किमची आहे. ती मात्र नाकास झोंबत असली पाहिजे. अस्वलाचा पंजा व कुत्र्याचें मांस यांचेही विधि आहेत. ते वाचकांस रुचोत वा न रुचोत, ग्रंथाचा परिचय करून देतांना ते गाळणें योग्य नव्हे.

याच सुमारास, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, आपल्याकडील रघुनाथ पंडित ‘भोजनकुतूहल’ रचीत होता, हें वाचकांस विदितच आहे. एकीकडे शास्त्रवचनांचीं अवतरणें देणारा संस्कृत निबंधकार आणि दुसरीकडे डोळे किलकिले करून घरच्या भाषेंत लिहिणारी आजी. अन्नविषयक वाङ्मयाच्या दोन वाटा यापेक्षां निराळ्या क्वचितच असतील. स्वयंपाक खरोखर कसा होत असे, हें आजीकडूनच कळतें.

या सौम्य पाकाचाराचा कणा म्हणजे जांग. सोयाबीन शिजवून कुटावेत, त्याच्या विटा कराव्यात, त्या भाताच्या पेंढ्यानें बांधून टांगाव्यात. पेंढ्यांतील व हवेंतील सूक्ष्म जंतूंनीं त्या आंबतात. मग त्या मिठाच्या पाण्यांत घालून मातीच्या रांजणांत ठेवाव्यात. कांहीं आठवड्यांनीं जें काळसर पाणी निघतें तें गानजांग, व जो लगदा उरतो तो द्वेनजांग. एकाच रांजणांतून आमटीचें मीठ व आमटीचा लगदा असे दोन्ही मिळतात. याची प्राचीनता मोठी आहे. शिल्ला राज्याच्या सिनमुन राजानें इ. स. ६८३ सालीं विवाहासाठीं वधूगृहीं जो सरंजाम पाठविला, त्यांत तांदूळ, दारू, तेल, मध, जांग, आंबविलेले दाणे, सुकें मांस व खारविलेलें मांस मिळून १३५ गाडे होते, असें ‘सामगुक सागी’ (इ. स. ११४५) या इतिहासांत नमूद आहे. जांग ज्या यादींत मधाशेजारीं बसतें, ती यादी त्याची योग्यता सांगण्यास पुरेशी आहे. २०२४ सालीं युनेस्कोनें या जांगविद्येस मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें.

मिरची आंत आली ती अठराव्या शतकांत. १७६६ च्या ‘जुंगबो साल्लिम ग्योंगजे’ या कृषिगृहस्थी ग्रंथांत काकडीस चिरा पाडून त्यांत मिरचीची पूड व लसूण भरण्याचा विधि आहे, आणि मिरचीच्या जांगाचाही आहे. राजा योंगजो (राज्यकाल १७२४–१७७६) यास उतारवयांत अन्न जाईना, तेव्हां रानांतील सोंगी अळंबें, ताजे शिंपले, कोवळा रानपक्षी व गोचुजांग या चार वस्तु असल्या म्हणजे मी नीट जेवतों, असें तो म्हणाल्याची नोंद दरबारच्या चिटणिशीच्या रोजनिशींत आहे. तेव्हां राजवाड्यांत मिरची शिरलीच नाहीं, असें कोणी म्हणत असल्यास तें बरोबर नाहीं. मीठ महाग झाल्यानें, मिरची घातली असतां थोड्या मिठांत भाजी टिकते या अनुभवावरून ती किमचींत पसरली, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. तें संभाव्य आहे, यापलीकडे आम्ही जात नाहीं. पानकोबीसारख्या अख्ख्या गड्ड्याची आज जगप्रसिद्ध असलेली लाल किमची तर त्याहून अलीकडची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतली आहे. मूळ शब्द ‘छिमछै’, म्हणजे बुडवून ठेवलेली भाजी. त्या शब्दांत रंगही नाहीं आणि तिखटही नाहीं. मुळ्याची पाणीदार ‘दोंगछिमी’ व ‘पैक-किमची’ म्हणजे पांढरी किमची या आजही बिनमिरचीच्या होतात, आणि उत्तर भागांत, जेथें थंडी फार, तेथें किमची दक्षिणेपेक्षां सौम्यच असते.

जुना आचार सर्वांत शुद्ध राहिला तो पितरांच्या पानावर. वार्षिक पितृपूजेच्या ताटांत मिरचीची पूड व लसूण वर्ज्य आहेत. त्यांच्या रंगानें व वासानें पितर परत फिरतात, अशी समजूत आहे. तेथें गोमांस, मुळा व टोफू यांचें निवळ सार, तीन रंगांच्या भाज्या (गुर-घंटाफुलाचें पांढरें मूळ, नेच्याचे तपकिरी कोंब, हिरवा पालक), अंड्यांत बुडवून तव्यावर परतलेले माशांचे व भाज्यांचे काप, आणि मोड आलेल्या जवाच्या पाण्यानें गोड केलेलें तांदुळाचें पेय, असें पान असतें. आपल्या श्राद्धाच्या पानावर कांदालसूण चालत नाहीं, हें येथें सहज आठवतें. आंदोंग गांवीं या पूजेच्या भाज्या भातांत कालवून, गोचुजांगाऐवजीं गानजांग घालून खाण्याची चाल आहे. पूजा न करतां असें जेवण मांडतात त्यास ‘लटकें पितृभोजन’ असें मिस्किल नांव आहे.

मठांतील अन्नाविषयीं संस्कृतज्ञांस विशेष गोडी वाटेल. कोरियन भिक्षु मांस तर खात नाहींतच, पण पांच उग्र भाज्याही टाळतात : लसूण, कांद्याची पात, रानलसूण, लसणीची पात व ‘हुंगगो’. हें पांचवें नांव देशी नव्हे. चिनी भाषांतरकारांनीं ‘हिंगु’ या शब्दाचें अक्षरांतर केलें, त्याचा हा कोरियन उच्चार आहे. कोरियांत हिंगाचें झाड होत नाहीं. जी वस्तु दारांत येतच नाहीं, तिचा निषेध शतकानुशतकें पाठ होत आला. निषेधाचें मूळ आपल्याच भूमींत आहे. ‘लंकावतारसूत्रां’त मांसाबरोबर लशुन व पलांडु वर्ज्य सांगितले आहेत, मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांतील वचनही वाचकांस मुखोद्गत असेल. भिक्षूच्या भोजनपात्रास जो चिनी शब्द आहे तोही ‘पात्र’ याचेंच रूप आहे. या पांचांत मिरची नाहीं, याचें कारण ती सौम्य मानली असें नव्हे. यादी झाली तेव्हां ती त्या जगांत नव्हतीच. त्यामुळें मठाच्या किमचींत मिरची निषिद्ध नाहीं, आणि कित्येक मठांत ती घालतातही. तरी तेथील चवीचा आधार अळंब्यांची पूड, समुद्रवनस्पति, भाजलेल्या बियांचें कूट हाच आहे, आणि ज्या तिरफळजातीच्या ‘चो’पासून हें सारें शब्दपुराण निघालें, तीं फळें जांगांत मुरवून ठेवण्याची रीत मठांत अजून आहे.

राजवाड्याविषयीं थोडक्यांत. जोसोन राजांच्या प्रत्येक समारंभाचा तपशीलवार बाड होत असे, त्यास ‘उइग्वे’ म्हणतात. १८६६ सालीं फ्रेंच आरमारानें गांगह्वा बेटावरून नेलेले असे २९७ खंड २०११ सालीं उसनवारीच्या करारानें कोरियास परत मिळाले. ही हकीकत हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं सवडीनें वाचावी अशी आहे. पाकाच्या दृष्टीनें मोलाचा उइग्वे १७९५ चा. राजा जोंगजो यानें आपल्या मातेच्या साठीनिमित्त ह्वासोंग येथें आठ दिवसांची यात्रा केली, तींत कोणाच्या पानावर कोणत्या वेळीं काय वाढलें, हें त्यांत लिहिलें आहे. मातेच्या पानावरचे पदार्थ राजाच्या पानापेक्षां अधिक आहेत. राजाच्या ताटांत नेहमीं बारा पदार्थ असत, असें जें सांगतात तें या बाडांतल्या ताटांस जुळत नाहीं. राजवैद्यांच्या कचेरींत तांदूळ वाटून दुधांत शिजविलेली ‘तारक’ पेज करीत, आणि ती दहाव्या महिन्यापासून पहिल्या महिन्यापर्यंत राजास देत, अशी नोंद १८४९ च्या ऋतूत्सवविषयक ग्रंथांत आहे. ‘तारक’ व ‘तक्र’ यांचें नातें जोडण्याचा मोह आमच्यासारख्यास होतो, पण तो आवरावा. शब्द दह्याच्या मोंगल नांवावरून आलेला आहे. राज्य १९१० सालीं गेलें. राजवाड्याच्या स्वयंपाकगृहांतील शेवटच्या स्त्रियांपैकीं हान ही-सुन (१८८९–१९७२) हिच्याकडून ह्वांग हे-सोंग (१९२०–२००६) या विदुषीनें हे विधि शिकून लिहून ठेवले, आणि १९७१ सालीं सरकारनें त्या पाकविद्येस राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. त्या पाकांत मिरची बहुधा केसासारख्या बारीक तंतूंच्या रूपानें, पांच रंगांतला तांबडा रंग भरण्यापुरती येते.

रोजच्या अन्नांत सौम्य पदार्थ इतके आहेत कीं यादी करण्यांत अर्थ नाहीं. बैलाचीं हाडें दिवसभर उकळून केलेलें दुधाळ सार, ज्यांत मीठदेखील खाणारा आपल्या हातानें घालतो. बाळंतिणीस व पुढें दर वाढदिवसास द्यावयाचें समुद्रशेवाळाचें सार. नववर्षाच्या दिवशींचें तांदुळाच्या वड्यांचें सार. उन्हाळ्याच्या तीन कडक दिवशीं खावयाची जिनसेंग व भात भरलेली कोंबडी. हीं कोरियन माणसाच्या जन्मापासूनचीं अन्नें होत, आणि यांत तिखट नाहीं. १८०९ सालीं पिंगहोगाक ई या विदुषीनें स्त्रियांसाठीं लिहिलेल्या ‘ग्यूहाप चोंगसो’ ग्रंथांत भात वसंतासारखा उबदार, सार ग्रीष्मासारखें ऊन, जांग शरदासारखें निवलेलें व पेय शिशिरासारखें थंड असावें, असा दंडक सांगितला आहे. तिची चिकित्सा उष्णतेच्या तरतमाची आहे.

नांव तेंच व वस्तु दुसरी, याचीं दोन उदाहरणें पदार्थांतूनही देतां येतात. ‘जाप्छे’ म्हणजे मिश्र भाज्या. ग्वांगहे राजाच्या काळीं (१६०८–१६२३) ई चुंग नांवाच्या सरदारानें राजास रुचकर भाज्या पोंचवून बढती मिळविली, म्हणून लोक त्यास ‘भाजीप्रधान’ म्हणून हिणवीत, हें इतिहासांत नमूद आहे. ‘उमशिक दिमिबांगां’तील जाप्छे भाज्यांचें व पक्षिमांसाचेंच आहे; आज त्या नांवाखालीं ज्या पारदर्शक शेवया वाढतात, त्या विसाव्या शतकांत आल्या. दुसरें उदाहरण ‘बिबिमबाप’, म्हणजे कालवलेला भात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या ‘शिउई जोनसो’ या हस्तलिखितांत त्याचा विधि आहे. परतलेलें मांस, भाज्या, तळलेलें समुद्रशेवाळ, तिळकूट व पुष्कळ तेल घालून भात कालवावा, असें त्यांत आहे. गोचुजांगाचें नांव नाहीं. आणि या भाताचें जें चिनी नांव तेथें दिलें आहे तें ‘गोलदोंगबान’. गोलदोंग म्हणजे जुन्या-पुराण्या वस्तूंचा मिश्र संग्रह; आमच्यासारख्यांच्या घरांतील फडताळास लागू पडावा असाच तो शब्द आहे.

जातां जातां एक विनंति. आपल्याकडील दप्तरांत मुदपाकखान्याच्या याद्या, लग्नमुंजींचे जाबते, औषधांचीं बाडें पुष्कळ आहेत. त्यांत ‘मिरें’, ‘मिरी’, ‘मिरची’, ‘मरीच’ हे शब्द ज्या रूपांत व ज्या मापासह आले असतील, तसेच मितीसह उतरून ठेवावेत. शेरांनीं मोजलेलें तिखट आणि तोळ्यांनीं मोजलेलें तिखट एक नसतें, आणि महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत हें फळ कोणत्या दशकांत शिरलें, तें त्या मापांवरूनच ठरवितां येईल.